व्हायवाच्या आदल्या रात्रीचं कॉर्टिसॉल

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी फिजिऑलॉजीत कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा आलेख शिकवतात. मध्यरात्रीच्या सुमारास पातळी तळाला, पहाटे चढू लागते, आणि जाग आल्यावर साधारण अर्ध्या तासात सगळ्यांत वर. हा आलेख अनेक जण पाठ करतात तो नेमका रात्री दोन वाजता, हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये!

व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, धास्ती असली की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला चेतवतो, पिट्युटरी मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनलला, आणि कॉर्टिसॉल वाढतं. शरीर सावध राहतं. अंथरुणाला पाठ टेकली तरी डोळा लागत नाही. लागलाच तर झोप सावध, मोडकी.

झोप किती झाली यापेक्षा कशी झाली, हे मोजायला पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी 1989 मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. झोप लागायला किती वेळ लागतो, मधे कितीदा जाग येते, दिवसा पेंग येते का, अशा सात अंगांना मिळून 0 ते 21 गुण. इथे जास्त गुण वाईट: 5 च्या वर गेलात की झोपेचा दर्जा खालावलेला. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या, तर निम्म्याच्या आसपास वैद्यकीय विद्यार्थी ही रेषा ओलांडतात. ताण जास्त असलेल्यांचे गुणही सहसा जास्त भरतात.

पण यातल्या बहुतेक पाहण्या एकाच वेळी दोन्ही प्रश्न विचारतात. ताणामुळे झोप गेली की झोप गेल्यामुळे ताण वाढला, हे त्यातून कळत नाही. मला त्यापेक्षा 1997 चा एक प्रयोग बोलका वाटतो. निरोगी तरुणांची झोप एका रात्रीपुरती अर्धवट तोडली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं कॉर्टिसॉल 37 टक्क्यांनी जास्त भरलं. रात्रभर जागवल्यावर 45 टक्क्यांनी. म्हणजे ज्या वेळी ते उतरायला हवं, त्याच वेळी चढलेलं. पुढची रात्रही अवघड.

शिवाय दिवसभर वाचलेलं पक्कं बसवण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेतच करतो. चार तास जागून अ‍ॅनाटॉमीचा आणखी एक धडा उरकणारा आधीचे धडेच कच्चे ठेवतो.

मग कॉफी. झोपेची ओढ लावणारं अ‍ॅडेनोसिन मेंदूत साचतच असतं. कॅफिन फक्त त्याच्या जागा अडवून बसतं. तेही तासन्‌तास. 2013 च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या 400 मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाभराहून अधिक घटली.