मूत्रपिंड प्रत्यारोपण : दात्याचे वय

प्रौढ रुग्णाला बसवलेले मूत्रपिंड किती चांगले आणि किती वर्षे चालेल, हे ज्या गोष्टींवर अवलंबून असते त्यांत दात्याच्या वयाचे वजन फार मोठे आहे. वय म्हणजे खरे तर एक अंदाज असतो. मूत्रपिंडात चालू नेफ्रॉन (रक्त गाळणारे सूक्ष्म घटक) किती उरले आहेत आणि इजा झाल्यावर ते स्वतःला किती सावरू शकेल, या दोन गोष्टी त्यावरून ताडल्या जातात. म्हणूनच एकाच वयाच्या दोन दात्यांची मूत्रपिंडे अगदी वेगळी निघू शकतात.

वाढत्या वयाचे मूत्रपिंड. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. निरोगी जिवंत दात्यांमध्ये केलेल्या मोजणीत १८ ते २९ या वयोगटात प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे ९ लाख ९० हजार चालू केशिकागुच्छ (प्रत्येक नेफ्रॉनमधला, रक्त गाळणारा बारीक वाहिन्यांचा पुंजका) आढळले, तर ७० ते ७५ या वयोगटात सुमारे ५ लाख २० हजार. कोणताही आजार नसताना ही जवळपास निम्म्याने घट होते. निकामी झालेले गुच्छ पुष्कळदा विरून जातात आणि त्यांचा मागही राहत नाही. त्यामुळे बायॉप्सीत (ऊतीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) कडक झालेले गुच्छ थोडे दिसले, तरी उरलेल्यांची संख्या भरपूर असेलच असे नाही. जोडीला धमन्यांच्या भिंती जाड होतात, नलिका आक्रसतात आणि त्यांच्यामधल्या जागेत तंतू साचतात. गाळण दर, म्हणजे मूत्रपिंडे मिनिटाला किती द्रव गाळतात ते माप, चाळिशीनंतर सर्वसाधारणपणे दर वर्षी मिनिटाला एक मि.लि.च्या आसपास उतरतो. दात्याच्या शरीरात हे काम दोन मूत्रपिंडे वाटून घेत असतात, रुग्णाला मात्र त्यांतले एकच मिळते.

प्रत्यारोपणात काय बिघडते. पहिला फटका थंड साठवणीच्या काळात बसतो. रक्तपुरवठा तुटलेले मूत्रपिंड बर्फात ठेवलेले असते आणि पुन्हा रक्त सुरू झाले की नलिकांच्या पेशींना इजा होते. तरुण मूत्रपिंडात या पेशी वेगाने विभागून पडलेले खिंडार बुजवतात. वयस्क पेशींची विभागणीची ताकद ओसरलेली असते, त्यामुळे खिंडाराच्या जागी तंतू राहतात. यातूनच कार्यारंभ लांबण्याचे प्रमाण वाढते. पहिल्या आठवड्यात डायलिसिस करावे लागले, तर कार्यारंभ लांबला असे मानतात. साठवणीचा प्रत्येक वाढीव तास वयस्क मूत्रपिंडाला अधिक महाग पडतो. यंत्राने द्रव खेळता ठेवून साठवण केली, तर ही जोखीम कमी होते.

दुसरी अडचण रिजेक्शनची, म्हणजे रुग्णाच्या प्रतिकारशक्तीने परके मूत्रपिंड नाकारण्याची. इजा झालेली वयस्क ऊती रुग्णाच्या प्रतिकारशक्तीला जास्त चेतवते, आणि रिजेक्शनचा झटका आटोक्यात आला तरी मूत्रपिंड पूर्वीच्या पातळीवर क्वचितच परतते. त्यातच टॅक्रोलिमससारखी रिजेक्शन रोखणारी औषधे मूत्रपिंडातल्या बारीक धमन्या आकुंचित करतात, आणि आधीच अरुंद झालेल्या धमन्यांना ते सोसत नाही.

मोजमापे. अमेरिकेत २००२ मध्ये ‘विस्तारित निकष दाता’ ही व्याख्या लागू झाली. ६० किंवा अधिक वयाचा कोणताही मृत दाता तीत बसत असे. ५० ते ५९ वयाच्या दात्यासाठी तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागत : उच्च रक्तदाब, शेवटचे क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा आणि मूत्रपिंडाने गाळायचा टाकाऊ पदार्थ) दर डेसिलिटरला १.५ मि.ग्रॅ.पेक्षा जास्त, आणि मेंदूतील रक्तवाहिनीच्या आजाराने मृत्यू. आदर्श दात्याच्या तुलनेत अशा मूत्रपिंडाच्या अपयशाची जोखीम किमान १.७ पट धरली होती. ही ठोकळ विभागणी अपुरी पडू लागली, म्हणून २०१४ च्या अखेरीस दात्याचे अनेक गुणधर्म एकत्र करून ० ते १०० असा निर्देशांक वाटपात आला. त्यातही वयाचा वाटा मोठाच आहे. अमेरिकी अंदाजानुसार निर्देशांक २० किंवा त्याखाली असलेल्या मूत्रपिंडांपैकी निम्मी साडेअकरा वर्षांच्या आसपास टिकतात, तर ८५ च्या वरच्यांपैकी निम्मी साडेपाच वर्षांहून थोडी अधिक.

स्वीकारण्यापूर्वीची पारख. वृद्ध दात्याचे क्रिएटिनिन हमखास फसवते. स्नायू कमी असल्याने १.० हा आकडा दिसायला उत्तम वाटतो, पण प्रत्यक्ष गाळण दर बराच खाली असू शकतो. म्हणून सूत्राने काढलेला गाळण दर, लघवीतील प्रथिने, आणि रुग्णालयात दाखल होतानाचे व शेवटचे क्रिएटिनिन हे सगळे एकत्र पाहावे लागते. नुकतीच झालेली इजा भरून येते, मुरलेले तंतू मात्र भरून येत नाहीत. बायॉप्सीत किमान २५ केशिकागुच्छ यायला हवेत. पृष्ठभागावरून पाचरीसारखा तुकडा काढला, तर बाह्य पदरातले कडक गुच्छ जास्त येतात आणि मोठ्या धमन्या सुटतात. परिणामी चांगले मूत्रपिंडही वाईट ठरू शकते. इटलीत रुळलेल्या गुणपद्धतीत गुच्छ, नलिका, तंतू आणि धमन्या यांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. बेरीज ३ पर्यंत असेल तर एकच मूत्रपिंड पुरते, ४ ते ६ असेल तर दोन्ही मूत्रपिंडे एकाच रुग्णाला बसवतात, आणि त्याहून जास्त असेल तर नाकारतात. शस्त्रक्रियेपूर्वी धमनीच्या मुखाशी कडक थर आहे का, हे बोटाने चाचपून पाहणे आवश्यक असते. तिथे टाका घालताना आतला थर सुटला, तर धमनी बंद पडते.

कोणाला द्यावे. वयस्क मूत्रपिंडाची तुलना आदर्श मूत्रपिंडाशी नव्हे, तर आणखी काही वर्षांच्या डायलिसिसशी करायला हवी. प्रतीक्षा लांब असेल, तर चाळिशीपुढच्या आणि मधुमेही रुग्णांना असे मूत्रपिंड स्वीकारून जगण्याचा फायदा होतो. तरुण, निरोगी आणि लवकर क्रमांक लागणाऱ्या रुग्णाला मात्र ते टाळणेच योग्य. युरोपातील काही देशांत अवयववाटप करणाऱ्या युरोट्रान्सप्लांट संस्थेने १९९९ मध्ये ६५ किंवा अधिक वयाच्या दात्यांची मूत्रपिंडे ६५ किंवा अधिक वयाच्या रुग्णांना जवळच्याच केंद्रात देण्याची योजना सुरू केली. ऊतिजुळणीपेक्षा (दाता आणि रुग्ण यांच्या ऊतींचे प्रकार जुळण्यापेक्षा) साठवणीचा वेळ वाचवण्याला तिच्यात प्राधान्य होते. जुळणी सोडल्याची किंमत काही प्रमाणात रिजेक्शनच्या रूपाने मोजावी लागली, पण अनेक वृद्ध डायलिसिसमधून सुटले.

जिवंत दाता साठीच्या पुढचा असला, तरी चित्र बरेच आश्वासक असते. तपासणी निवांतपणे झालेली असते आणि साठवण थोडा वेळच होते. त्यामुळे असे मूत्रपिंड साधारणपणे प्रमाणित (विस्तारित निकषांत न बसणाऱ्या) मृत दात्याच्या मूत्रपिंडाइतके टिकते. वृद्ध पती किंवा पत्नीला केवळ वयामुळे नकार देणे चूक आहे. गाळण दर ९० किंवा अधिक असेल तर दाता सामान्यतः स्वीकारार्ह मानतात, ६० च्या खाली असेल तर नाकारतात, आणि मधल्या टप्प्यात व्यक्तिगणिक निर्णय घेतात.

दुसऱ्या टोकाला अगदी लहान मुलांची मूत्रपिंडे येतात. त्यांच्या बारीक वाहिन्यांत रक्त गोठण्याची भीती असते, म्हणून दोन्ही मूत्रपिंडे महाधमनी आणि महाशिरेच्या तुकड्यासह एकत्र बसवतात. पहिले काही आठवडे सुरळीत पार पडले की ती वाढतात आणि गाळण दर वर्षानुवर्षे चांगला राहतो.

पाठपुरावा. वयस्क मूत्रपिंडाचे स्थिरावलेले क्रिएटिनिन १.८ किंवा २ च्या आसपास असू शकते आणि ते बिघाडाचे लक्षण नसते. या पायाभूत आकड्याची नोंद घरी जाण्याच्या कागदावर स्पष्ट असायला हवी. ती नसली, तर दुसरीकडचा डॉक्टर अनावश्यक बायॉप्सी करतो, नाहीतर खरी वाढ नजरेतून निसटते.