‘लग्नापर्यंत थांबा’ एवढंच सांगून पोरं थांबतात का?

तासगाव, पलूसकडच्या हायस्कुलात वयात येण्याबद्दल बोलायला जाते तेव्हा मी आधी वर्गात एक खोका ठेवते, ज्याला जे विचारायचंय त्यानं नाव न घालता चिठ्ठीत लिहायचं. मिठी मारली तर दिवस जातात का, झोपेत चड्डी ओली होते हा रोग आहे का, पहिल्या वेळी काही होत नाही म्हणतात ते खरं का, असलं सगळं त्यात येतं. आणि तिकडं स्टाफरूममध्ये चहा पिताना हमखास कोणीतरी म्हणतं, मॅडम जास्त खोलात नको, संयम पाळा एवढंच सांगा.

संयम पाळा म्हणण्यात काही चूक नाही, चौदा वर्षांच्या लेकरानं थांबावं असं मलाही वाटतं. पण फक्त तेवढंच सांगून उपयोग होतो का? हे अमेरिकेनं देशभर करून बघितलंय. १९९६ च्या कायद्यानं तिथं ‘लग्नापर्यंत संयम’ शिकवणाऱ्या कार्यक्रमांना केंद्राकडून वर्षाला ५ कोटी डॉलर ठरले, आणि अट अशी की संयमाचेच फायदे शिकवायचे.

मग असे चार कार्यक्रम नीट तपासले गेले. दोन हजारांवर मुलं घेतली, कोण कार्यक्रमात आणि कोण बाहेर हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे हुशार किंवा धार्मिक घरची पोरंच एका बाजूला गेली असं म्हणायला जागा नको, आणि चार ते सहा वर्षांनी परत विचारलं. २००७ ला अहवाल आला. दोन्ही गटांत साधारण निम्मी मुलं थांबलेली, आणि जी थांबली नाहीत त्यांचं पहिल्या संबंधाचं सरासरी वयसुद्धा सारखंच, १४.९ वर्षं. इतका पैसा, इतके तास, फरक शून्य!

शपथेचं तर अजून वाईट. लग्नापर्यंत थांबण्याची शपथ घेतलेल्यांची तुलना तशाच विचारांच्या पण शपथ न घेतलेल्या मुलांशी केली, २००९ मध्ये ते छापून आलं. पाच वर्षांनी ८२ टक्के जण म्हणाले आम्ही शपथ घेतलीच नव्हती. संबंध दोघांचे सारखेच, फक्त शपथवाल्यांमध्ये कंडोम आणि गर्भनिरोधकं वापरणारे कमी.

एक संयमाचा कार्यक्रम मात्र चालला, तेही सांगायला पाहिजे. २०१० च्या अभ्यासात साधारण बारा वर्षांच्या मुलांना ‘तयार होईपर्यंत थांबा’ शिकवलं, आणि दोन वर्षांत संबंध सुरू केलेली मुलं हा कार्यक्रम न मिळालेल्या गटात जवळपास निम्मी, तर या गटात एक तृतीयांशच निघाली. पण तिथं लग्नाचा आग्रह नव्हता, नैतिकतेचं भाषण नव्हतं, कंडोमबद्दल कोणी चुकीचं बोललं तर शिक्षक ते दुरुस्त करायचे. आणि माहिती दिली की पोरं बिघडतात ही भीती तर युनेस्कोनं २०१८ मध्ये जगभरचे अभ्यास तपासले त्यात कुठंच खरी ठरली नाही.

आपल्याकडं २००७ साली महाराष्ट्रात लैंगिक शिक्षणावर बंदीच आली होती. त्यात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणी बोलतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे ऊसतोडीला जायच्या आधी सतराव्या वर्षी बोहल्यावर चढवलेली पोरगी लग्नापर्यंत थांबलेलीच असते हो, उपदेश तिनं शंभर टक्के पाळला, पण पाळीचं चक्र, पाळणा लांबवणं, नवऱ्याला नको म्हणणं यातलं काहीच तिला कोणी सांगितलं नाही आणि वर्षाच्या आत ती रक्त कमी असताना गरोदर. तिला या उपदेशानं काय दिलं?

आपल्याच सांगलीत संग्राम संस्था १९९२ पासून एचआयव्हीवर काम करतेय, तिथं वेश्याव्यवसायातल्या बायका एकमेकींना कंडोमची माहिती स्पष्ट शब्दांत देत आल्यात. शाळेत तेवढं उघड नको, पण दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा भाग तरी ‘घरी वाचा’ म्हणून सोडू नका. सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तेही वर्गात सांगा, नाहीतर पोरं एसटी स्टँडच्या भिंतीवरची गुप्तरोगाची जाहिरात बघून तिथं पैसे घालवतात.