जंताची गोळी, पण कुठल्या जंताची?

औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. "जंताची गोळी द्या हो एक. पोरगा रात्री झोपेत करकर दात खातो." दुकानदाराने मागच्या फळीवरून एकच गोळी असलेली छोटी पट्टी काढली, "चावून खायला सांगा" म्हणाला आणि सुटे पैसे परत केले. पोराचं वय किती, अंगात ताप आहे का, शौचातून काही पडताना दिसलं का, कुणी काही विचारलं नाही.

दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध आपल्याकडे घरोघरी पक्का मानतात. तो सिद्ध झालेला नाही. गालावरच्या पांढुरक्या चट्ट्यांना "जंताचे डाग" म्हणतात, तेही बहुतेक वेळा कोरड्या त्वचेचं दुखणं असतं. गोड खाऊनही जंत होत नाहीत. माती लागलेल्या हातांवरून, न धुतलेल्या भाजीवरून अंडी पोटात जातात, नाहीतर अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. तरी त्या गोळीने त्या पोराचं काही बिघडलं असेल असं मला वाटत नाही. ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची एक मात्रा चांगलीच निर्धोक असते. एवढी निर्धोक, की "कुठला जंत आणि तो आहे कुठे" हा प्रश्न विचारायची सवयच आपल्याला राहिलेली नाही.

शाळा-अंगणवाड्यांतून २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, साधारण १० तारखेच्या सुमाराला, १ ते १९ वर्षांच्या मुलांना हीच गोळी देतात. शौचाची तपासणी न करता सरसकट. हे चालतं, कारण मात्रा एकच असते, धोका किरकोळ असतो आणि जिथे बऱ्याच मुलांच्या पोटात जंत आहेत तिथे प्रत्येकाला तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांना गोळी देणं सोयीचं पडतं. पण तिथेही नियम आहेत. १ ते २ वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, तीही चुरून पाण्यात कालवून. त्याहून थोड्या मोठ्यांना अख्खी, पण चुरूनच. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी नाही. आणि रडणाऱ्या पोराचं नाक दाबून गोळी कोंबणं, जे आपल्या आधीच्या पिढीने आपल्याबाबत बिनदिक्कत केलं, ते अजिबात नाही. लहान मुलाच्या बाबतीत खरा धोका औषधापेक्षा गोळी घशात अडकण्याचा असतो.

गोळी पोटात गेल्यावर काय होतं? जंताच्या पेशींत ट्युब्युलिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या बारीक नळ्या तयार होतात आणि त्यांच्या आधाराने पेशीची आतली ने-आण चालते. अल्बेंडाझोल या प्रथिनाला चिकटून बसतं, मग नळ्या बनत नाहीत, जंताला साखर शोषता येत नाही. साठवलेली शिदोरी संपते आणि तो उपासमारीने मरतो. याला काही दिवस लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशी शौचातून काही पडलं नाही तर औषध वाया गेलं असं नसतं. पूर्वी जंताच्या औषधामागोमाग एरंडेल पाजायचे, त्याचीही आता गरज नसते.

यातली खुबी अशी, की हे औषध आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं. जंत आतड्यात असेल तर ते सोयीचंच: औषध जिथे शत्रू तिथे मुक्कामाला, बाकी शरीराला फारसा त्रास नाही. आता हाच शत्रू मेंदूत आहे असं समजा.

"कोबीतला किडा डोक्यात जातो" हे तुम्ही ऐकलं असेल. कितीतरी घरांत या भीतीने कोबी-फ्लॉवर आणणं बंद झालं. कोबीतली हिरवी अळी डोक्यात जात नाही. जाते ती डुकराच्या मांसातून माणसाला होणाऱ्या फीतकृमीची पिढी. हा कृमी ज्याच्या आतड्यात आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात, सांडपाण्यातून भाजीवर येतात किंवा न धुतलेल्या हाताने ताटात येतात. ती पोटात गेली की अळ्या रक्तातून फिरून मेंदूत मुक्काम करतात आणि तिथे त्यांच्या पाणीदार गाठी होतात. आयुष्यात मांसाला हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होतो तो असा. न्यूरोसिस्टिसर्कोसिस असं त्याचं लांबलचक नाव. आपल्याकडे फिट येण्याचं हे एक महत्त्वाचं कारण आहे.

औषध पुन्हा तेच, अल्बेंडाझोल. पण आता ते रक्तात जायला हवं, म्हणून ते तुपातेलाच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगतात. स्निग्ध जेवणाने त्याचं शोषण पाच पटींपर्यंत वाढतं. मात्रा वजनावर ठरते, एका दिवसाऐवजी दहा-पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त चालते. मग यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्याही मधून मधून कराव्या लागतात.

खरी अडचण मात्र जंत मरतो तेव्हा येते. जिवंत असताना ती गाठ शरीराच्या संरक्षण यंत्रणेला हुलकावणी देत असते. ती मरायला लागली की यंत्रणेला जाग येते, भोवती सूज येते, आणि ज्या फिट थांबवायला औषध सुरू केलं त्याच वाढू शकतात. म्हणून जोडीला स्टेरॉइड देतात. आधी डोळ्याचा पडदा तपासतात, कारण गाठ डोळ्यात असली तर तिच्या मरणाने नजर जाऊ शकते. मेंदूला आधीच खूप सूज असेल तर जंतनाशक देतच नाहीत. गाठ मरून तिचा चुना झाला असेल तर मारायला काही उरलेलंच नसतं. हे सगळं एमआरआय किंवा सीटी स्कॅन पाहून ठरतं.

आणखी एक गुंता. फिटसाठी दिली जाणारी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं यकृताला जास्त कामाला लावतात आणि रक्तातलं अल्बेंडाझोल कमी करतात. म्हणून आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या डॉक्टरांना दाखवाव्यात. "एक पांढरी, एक गुलाबी" एवढ्या वर्णनावर त्यांना काही ठरवता येत नाही.

जंत कुठे मरतो हा प्रश्न दुसरीकडेही येतो. आतड्यातल्या फीतकृमीवर प्राझिक्वांटेल हे औषध उत्तम चालतं, पण ते रक्तात शोषलं जातं. मेंदूत नकळत दडलेल्या गाठी असतील तर ते त्यांनाही डिवचू शकतं. म्हणून देण्याआधी डॉक्टर "कधी फिट आली होती का, डोकं फार दुखतं का" असं विचारतात. प्रश्न आडवळणाचा वाटतो खरा.

हत्तीरोगही कृमींमुळेच होतो, त्याचंही तसंच. नागपूर हा देशात अगदी सुरुवातीला तीन औषधांची एकत्र मोहीम झालेल्या जिल्ह्यांपैकी एक. डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन या गोळ्या कर्मचारी समोर उभं राहून गिळायला लावतात, आणि त्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतात. काहींना नंतर ताप येतो, डोकं दुखतं. "गोळीने आजारी पाडलं" अशी बोंब होते. वास्तविक ज्यांच्या रक्तात सूक्ष्म कृमी असतात त्यांनाच ही रिअ‍ॅक्शन बहुधा येते, ते मरत असतात म्हणून. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालची मुलं आणि गंभीर आजारी माणसांना या गोळ्या देत नाहीत.

त्यातलं आयव्हरमेक्टिन म्हणजे जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून सुरू झालेली गोष्ट. ते शोधल्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. सहा वर्षांनी त्याचे भलतेच धिंडवडे निघाले. कोविडवर चालतं म्हणून मे २०२१ मध्ये गोव्यात १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ते देण्याची घोषणा झाली, जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला विरुद्ध असताना. अमेरिकेत लोकांनी घोड्यांसाठीची पेस्ट खाल्ली. माणसाची मात्रा किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. घोड्याच्या नळीत कितीतरी जास्त वजनाचा हिशेब असतो.

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल टाळतात. पाळी चुकली असेल तर गोळी मागण्याआधी ते सांगावं.

आता पुन्हा त्या बाईंचा मुलगा. त्याला रात्री शौचाच्या जागी खाज सुटत असेल तर ते बारीक पांढऱ्या सुतासारखे जंत असू शकतात. शौचाच्या तपासणीत ते बऱ्याचदा सापडत नाहीत. सकाळी उठल्याउठल्या, धुण्याआधी, तिथे पारदर्शक चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गोळी जंत मारते, अंडी मात्र वाचतात, आणि ती नखांत, चादरीत, भावंडांच्या हातावर असतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा, आणि सहसा घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. दुकानदाराने दिली होती एकच.