एकच वायर, नेट चालू आणि टीव्ही बंद: हे असं कसं झालं

केबलवाल्याकडून फक्त इंटरनेट घेतलं तर त्याच वायरवर साधी चॅनल तरी का दिसत नाहीत, हा प्रश्न आमच्या ठाण्यात अजूनही विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. त्यांचा प्रश्न बरोबर आहे, कारण एके काळी दिसायची.

वर्तकनगरला आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये खिडकीतून एक काळी वायर आत यायची. त्याला स्प्लिटर, एक टोक मॉडेमला आणि एक टीव्हीला. मधे काही महिने आम्ही टीव्हीचे पैसे बंद केले, फक्त नेट ठेवलं, आणि सहज म्हणून वायर टीव्हीच्या मागे लावली तर दूरदर्शन आणि अजून दहा-पंधरा चॅनल थोड्या मुंग्यांसकट दिसत होती. यात कोणाची चोरी नव्हती, सिग्नल वायरमध्ये होताच.

कारण केबल मॉडेमची रचनाच तशी आहे. वायर मुळात टीव्हीसाठी टाकलेली. आपल्याकडे १९८० च्या दशकात बिल्डिंगच्या एखाद्या खोलीत व्हीसीआर लावून घराघरात वायर जायची, मग १९९१ मध्ये आखाती युद्ध आणि त्याच वर्षी स्टार टीव्ही, २ ऑक्टोबर १९९२ ला झी, आणि गच्चीवर डिश उभ्या राहिल्या. कायदा नंतर आला, आधी १९९४ चा वटहुकूम आणि मग १९९५ चा केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा. तोवर गच्च्यांवरून, झाडांवरून, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वायरी गेल्यासुद्धा होत्या.

त्या वायरमध्ये प्रत्येक चॅनलला फ्रिक्वेन्सीची ठरावीक जागा असते, अमेरिकेत ६ मेगाहर्ट्झ, आपल्या पाल नावाच्या टीव्ही पद्धतीत ७ किंवा ८. १९९७ मध्ये डॉक्सिस नावाचं स्टँडर्ड आलं, त्यात एवढंच केलं की एखाद्या रिकाम्या चॅनलच्या जागी इंटरनेटचा डेटा पाठवायचा आणि घरातून परत जाणारा डेटा टीव्हीच्या खालच्या पट्ट्यात, अमेरिकेत ५ ते ४२ मेगाहर्ट्झमध्ये. म्हणजे नेट हे वायरच्या दृष्टीने अजून एक चॅनल, बाकीची शेजारी तशीच वाहत असतात. भारतात व्हीएसएनएल या सरकारी कंपनीची इंटरनेटवरची मक्तेदारी नोव्हेंबर १९९८ मध्ये संपली, त्यानंतरच केबलवर नेट देणं खाजगी कंपन्यांना शक्य झालं.

अमेरिकेत याचा वेगळाच इतिहास झाला. तिथे फक्त नेट घेणाऱ्याचा टीव्ही बंद करायचा तर माणूस पाठवून खांबावरच्या टॅपला, म्हणजे जिथून घराची वायर फुटते तिथे, फिल्टर लावावा लागायचा, त्याला ट्रॅप म्हणतात, आणि एका गिऱ्हाईकासाठी गाडी पाठवणं महाग, त्यामुळे कित्येक घरांत तो लागायचाच नाही. दुसरं म्हणजे १९९२ च्या तिथल्या केबल कायद्यानंतर १९९४ मध्ये त्यांच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, नियमच केला की बेसिक चॅनल एन्क्रिप्ट करायची नाहीत, म्हणजे त्यांना कुलूप लावायचं नाही, लोकांनी विकत घेतलेल्या टीव्हीवर ती सरळ लागली पाहिजेत. डिजिटल आल्यावरही ही चॅनल क्लिअर क्वाम म्हणून, म्हणजे कुलूप नसलेल्या डिजिटल सिग्नलवर, उघडीच राहिली. हा नियम १८ वर्षं टिकला, ऑक्टोबर २०१२ मध्ये एफसीसीने पूर्ण डिजिटल झालेल्या कंपन्यांना बेसिकलाही कुलूप लावायची परवानगी दिली.

आणि नेमका तोच महिना आपल्याकडे. ३१ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईत ॲनालॉग केबल, म्हणजे बॉक्सशिवाय दिसणारी जुनी केबल, बंद. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३. म्हणजे पाच महिने हद्दीवरच्या चेकनाक्याच्या पलीकडे, मुंबईतल्या मुलुंडला बॉक्स सक्तीचा आणि अलीकडे आमच्याकडे वायर टीव्हीत खुपसली की काम झालं, माझी मुलुंडची मावशी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आमच्याकडे यायची.

त्याआधी कॅस नावाचा प्रयोग झाला होता, ३१ डिसेंबर २००६ पासून मुंबईच्या काही भागात. त्यात फक्त पे चॅनलना बॉक्स लागायचा, फ्री चॅनल तशीच दिसायची आणि त्यांना ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, ठरवलेले महिन्याला जास्तीत जास्त ७७ रुपये अधिक टॅक्स. मला ही व्यवस्था आजही जास्त न्यायाची वाटते. ती टिकली नाही, कारण २०११ च्या दुरुस्तीत केबल कायद्याचं कलम ४ए असं बदललं की कुठलंही चॅनल एन्क्रिप्ट करूनच द्यायचं, फ्री असो की पे. यामागचं कारण खरं होतं हे मान्य करायला हवं: केबलवाले गिऱ्हाईकांचा आकडा कमी दाखवायचे, त्यामुळे चॅनलवाल्यांचे पैसे आणि सरकारचा कर दोन्ही बुडायचं, आणि प्रत्येक घराचा बॉक्स मोजल्याशिवाय ते थांबत नव्हतं. शिवाय ॲनालॉगच्या एका जागेत एकच चॅनल, डिजिटलमध्ये तेवढ्यातच दहा-बारा. पण त्या मोजणीत दूरदर्शनला पण कुलूप लागलं, जे सरकारचं, जे लोकांच्या पैशावर चालतं, आणि जे दाखवणं केबलवाल्याला कायद्यानेच बंधनकारक आहे. अमेरिकेने १८ वर्षं जे उघडं ठेवलं ते आपणही ठेवू शकलो असतो असं मला मनापासून वाटतं.

फ्री चॅनलची किंमत मग १ फेब्रुवारी २०१९ ला स्पष्ट झाली. ट्रायच्या तेव्हाच्या नव्या नियमात पहिल्या १०० चॅनलसाठी नेटवर्कचे जास्तीत जास्त १३० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, एकही पे चॅनल घेतलं नाही तरी. पुढच्या वर्षी तेवढ्यातच २०० चॅनल झाली, पण ज्याला फक्त सह्याद्री बघायचंय त्याला त्याचा काय उपयोग.

आणि वायरसुद्धा बदलली. बऱ्याच ठिकाणी केबलवाल्याचं नेट म्हणजे गच्चीवरच्या स्विचमधून आलेली लॅनची वायर, त्यात टीव्हीचा सिग्नल नसतोच, कितीही खटपट केली तरी. आता फायबर आलंय. त्यात नेट १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशावर खाली येतं, १३१० वर परत जातं आणि टीव्ही द्यायचाच तर तो १५५० वर वेगळा पाठवता येतो, म्हणून काही घरांतल्या फायबरच्या डब्याला मागे टीव्हीच्या वायरचं गोल पोर्ट असतं. ते बघून लोकांना जुने दिवस आठवतात आणि ते टीव्हीला लावून बघतात. ऑपरेटर त्यावर टीव्ही पाठवत असला तरी तो एन्क्रिप्टेडच, बॉक्स आणि पॅक नसेल तर स्क्रीन काळी.

महिन्याचे पैसे न देता टीव्ही हवा असेल तर डिसेंबर २००४ ला डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली आजची डीडी फ्री डिश आहे, फक्त छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचा, पण घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये छत्री लावायला सोसायटी परवानगी देईल तर ना. किंवा मग उलटा रस्ता, नेटवरूनच टीव्ही. प्रसार भारतीचं वेव्हज ॲप २० नोव्हेंबर २०२४ ला आलं, त्यात दूरदर्शनची चॅनल लाईव्ह दिसतात. आमच्या आईला मी ते टीव्हीवर लावून दिलंय, रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांच्या आधी पाच मिनिटं ती रिमोट घेऊन बसते, कारण ॲप उघडायला वेळ लागतो आणि तिला हेडलाईन चुकवायच्या नसतात.