पुळणवट जमीन (कोकण किनारा)

पुळणवट जमीन म्हणजे किनाऱ्यालगतची, समुद्राने नि खाड्यांनी आणून टाकलेल्या वाळूवर तयार झालेली वाळूसर ते रेताड पोयट्याची जमीन. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत नारळ-सुपारीच्या वाड्या जिथे आहेत तिथे पायाखाली बहुतेक हीच असते. पट्टा सलग मात्र नाही. कोकणचा किनारा ७२० किमी असं पूर्वापार सांगितलं जातं, पण त्यातला बराच भाग समुद्रात घुसलेल्या कड्यांचा नि खाड्यांच्या चिखलाचा, त्यामुळे पुळण सापडते ती दोन सड्यांच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारांच्या, मधल्या खोबणीत, कुठे शंभर-दोनशे मीटर रुंद तर कुठे किलोमीटरभर, आणि गाव, देऊळ, वाडी, विहीर सगळं त्याच चिंचोळ्या पट्टीवर बसलेलं.

परशुरामाच्या बाणाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती इथे परत नको.

शब्दांचा घोळ

पुळण हा शब्द मुळात वाळूच्या किनाऱ्याचा, मग त्यावरून जमिनीला पुळणवट. कोकणातला शेतकरी जमिनीची नावं मातीवरून कमी नि जागेवरून जास्त ठेवतो: डोंगरउताराची वरकस, पाणी धरणारी मळ्याची, भरतीचं पाणी शिरणारी खार, आणि वाडीची ती आगर किंवा बागायत. आगर म्हटलं की नारळाचंही असतं नि मिठाचंही, ते संदर्भावरून समजून घ्यायचं.

खरा गोंधळ पोयटा या शब्दात आहे. शाळेच्या पुस्तकात रेताड, पोयटा, चिकण असे तीन प्रकार शिकवतात, तिथे पोयटा म्हणजे मधल्या आकाराच्या कणांची माती, ज्याला मृदाशास्त्रात सिल्ट म्हणतात. पण शेतीच्या लिखाणात पोयट्याची जमीन म्हणजे वाळू, सिल्ट आणि चिकण तिन्ही मिसळलेली, म्हणजे लोम, साधारण चाळीस टक्के वाळू, चाळीस टक्के सिल्ट, वीस टक्के चिकण. एकाच शब्दाने कणही सांगायचा नि मिश्रणही, मग माती परीक्षणाचा कागद हातात आल्यावर माणूस चक्रावतो. या नोंदीत पोयटा म्हणजे मिश्रण आणि मधल्या आकाराचा कण म्हणजे सिल्ट असं धरलंय, शेतकऱ्याच्या वापराला तेच जास्त जुळतं.

लॅब नसली तरी हाताने कळतं. मूठभर माती भिजवून दाबायची. मूठ उघडल्यावर लगेच फुटली तर नुसती पुळण, गोळा झाला पण बोटाने पट्टी ओढताना तुटला तर रेताड पोयटा, आणि थोडीशी पट्टी निघाली तर पोयटा. लांब पट्टी निघत असेल तर तुम्ही वाडीतून खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या चिखलात, आलात.

कण

वाळू म्हणजे ०.०५ ते २ मिमी, चिकण म्हणजे ०.००२ मिमीच्या खाली, मधलं सगळं सिल्ट. ही अमेरिकी मापं, आंतरराष्ट्रीय पद्धतीत वाळूची खालची सीमा ०.०२ मिमी धरतात, त्यामुळे जुन्या नि नव्या अहवालांतल्या टक्केवाऱ्या एकमेकींशी थेट लावू नयेत.

वाळू कशाची यावर रंग ठरतो. अलिबाग, मुरुडकडची पुळण काळपट, कारण मागे सह्याद्रीचा बेसाल्ट. मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलात की पांढरी होत जाते, तिथे मागे कलादगीचे वालुकाश्म-क्वार्ट्झाइट नि त्याहून जुने खडक आहेत, क्वार्ट्झ भरपूर. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट, म्हणजे लोखंड नि टायटॅनियमचं ऑक्साइड, क्वार्ट्झच्या जवळजवळ पावणेदोन पट जड, त्यामुळे लाट हलके कण परत ओढून नेते आणि हे मागे राहतं, पुळणीच्या वरच्या अंगाला काळ्या रेघा दिसतात त्या याच.

यात मिसळलेला शिंपल्यांचा चुरा फार महत्त्वाचा. चुना असल्यामुळे पुळणवट जमिनीचा सामू (पीएच) सातच्या वर, आठच्या आसपाससुद्धा जातो, आणि दोन मिनिटं चालून सड्याच्या पायथ्याशी जांभ्याच्या मातीत गेलं की तोच सामू साडेपाच-सहा. एका गावात एका मालकाच्या दोन तुकड्यांना दोन वेगळे सल्ले लागतात ते यामुळे. तुकडा न सांगता नुसतं कोकणची माती आंबट म्हणून वाडीत चुना टाकायला सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नये.

थर आणि स्तर

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. थर म्हणजे कोणीतरी आणून टाकलेला, लाटेने, वाऱ्याने, नदीने. स्तर म्हणजे माती जागेवर मुरत असताना पाणी, मुळं नि जिवाणू यांनी तयार केलेला. मराठीत दोन्हीला थरच म्हणतात आणि तिथेच चूक होते.

किनारी मैदानाची वाळूसर माती म्हटलं की परदेशी पुस्तकांत उदाहरण येतं अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचं, नॉरफोक नावाची मातीमालिका वगैरे. ते मैदान शेकडो किलोमीटर रुंद आणि माती खूप जुनी, वरची चिकण झिरपून खाली साचलेली, म्हणजे वर वाळू नि खाली चिकणमातीचा ठळक स्तर, त्यामुळे अमेरिकी मृदा वर्गीकरणात ती अल्टिसॉल वर्गात जाते. कोकणातल्या पुळणीला तेवढा वेळच मिळालेला नाही. इथे चिकणीचा मुरलेला स्तर जवळपास नसतोच, म्हणून ती एन्टिसॉलमध्ये, त्यातही सॅमेंट म्हणजे वाळूवाल्या उपवर्गात पडते, आणि खाडीकाठी नदीचा गाळ मिसळलेली फ्लुव्हेंटमध्ये. थोडीफार मुरलेली, पोयट्याकडे झुकणारी इन्सेप्टिसॉल.

नारळाचा खड्डा खणताना हे डोळ्यांनी दिसतं, शिफारस एक मीटर लांब-रुंद-खोल अशी असते. वरचा वीतभर करडा-तपकिरी, मुळांच्या जाळ्याने धरलेला, पालापाचोळा कुजून झालेला, हाच काय तो खरा स्तर. त्याखाली दोनेक फूट फिकट तपकिरी, ओली असताना कडा धरते आणि वाळली की ढासळते. मग पिवळट वाळू, तिच्यात गंजासारखे ठिपके, म्हणजे पावसाळ्यात पाणी इथपर्यंत चढतं नि उन्हाळ्यात उतरतं. मध्येच बोटभर जाडीची शिंपल्यांची ओळ, सरळ पट्टी मारल्यासारखी. ही ओळ मातीने तयार केलेली नाही, एखाद्या मोठ्या उधाणाची ती सही आहे. आणखी खाली गेलं तर दोनपैकी एक: निळसर करडा खाजणाचा चिखल, नाहीतर पहारीला ठण्ण आवाज देणारी करल.

करल

करल म्हणजे वाळू नि शिंपले चुन्याने जोडले जाऊन झालेला किनारी दगड. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पाणी उडून जाताना कणांच्या सांध्यात कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि वाळूची लादी होते. जोती नि विहिरी बांधायला कोकणात ती पूर्वी सर्रास वापरली जायची.

वाद आहे तो वयाचा. बऱ्याच ठिकाणी करल आजच्या भरतीरेषेच्या वर सापडते. स्टटिरा गझदर यांनी डेक्कन कॉलेजमध्ये कोकणच्या चतुर्थक (भूशास्त्रातल्या सगळ्यात अलीकडच्या) कालखंडावर जे काम केलं (१९८० मध्ये प्रसिद्ध) तेव्हापासून करल हा जुन्या समुद्रपातळीचा पुरावा म्हणून वापरला जातो. साधारण मांडणी अशी की सहाएक हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा काही मीटर वर होता, मग उतरला, आणि उघड्या पडलेल्या वाळूवर आजच्या वाड्या वसल्या. दुसरी बाजू म्हणते समुद्र फार वर नव्हता, जमीनच ठिकठिकाणी उचलली गेली. तिसरी अडचण तंत्राची: रेडिओकार्बनने जे वय निघतं ते शिंपल्याचं, लादी कधी जमली त्याचं नाही. जुने शिंपले नव्या करलीत सहज अडकतात, आणि समुद्रातला कार्बन मुळातच जुना असल्याने काही शतकांची दुरुस्ती वेगळी करावी लागते. वर करल काही दशकांतही जमू शकते, जगात काही किनाऱ्यांवर तिच्यात काचेच्या बाटल्या अडकलेल्या सापडल्यात. हे सगळं धरता समुद्र चढून उतरला हे ढोबळ चित्र बहुधा टिकतं, पण एकेका करलीच्या उंचीवरून पातळीचा नेमका आकडा काढणं धाडसाचं वाटतं.

केळशीची टेकडी

दापोली तालुक्यात केळशीला भारजा नदीच्या मुखाशी वाळूची मोठी टेकडी आहे, पुळणीवरच्या नेहमीच्या वरवंट्यांच्या, म्हणजे वाऱ्याने साचलेल्या वाळूच्या उंचवट्यांच्या, मानाने प्रचंड. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास करून मांडलं की ही वाऱ्याने हळूहळू साचलेली नाही, त्सुनामीने एका झटक्यात आणलेली आहे. आत शिंपले, खापरं, मध्ययुगीन वस्तीच्या खुणा सापडल्या, आणि त्याची सांगड १५२४ शी घातली गेली. त्या वर्षी सप्टेंबरात वास्को द गामा व्हाइसरॉय म्हणून येत असताना दाभोळजवळ समुद्र अचानक थरथरला, जहाजांवर घबराट झाली, असं पोर्तुगीज बखरकार लिहितात. समुद्रसुद्धा आपल्याला घाबरून कापतोय, असं गामा म्हणाल्याची कथा तिथलीच.

२०२० मध्ये सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी केळशीच्या वाळूवर पुन्हा काम प्रसिद्ध केलं, थराचं वय साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकाच्या दरम्यान आणि लाटेचा उगम पाकिस्तान-इराणमधल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ असावा असं सुचवलं. मकरानची शक्यता हवेतली नाही, नोव्हेंबर १९४५ च्या तिथल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत पोचली होती. आक्षेपही आहेत. मोठं चक्रीवादळ अशीच वाळू आणू शकतं, आणि जहाजावर जाणवलेला हादरा म्हणजे किनाऱ्यावर आलेली लाट नव्हे. शिवाय एवढी उंच टेकडी एका रात्रीत उभी राहिली असं मानलं तर वरच्या भागातली वाऱ्याने चाळल्यासारखी बारीक वाळू समजावून सांगावी लागते. खालचा शिंपल्या-खापरांचा थर झटक्याचा आणि वरचा ढीग नंतरच्या वाऱ्याचा, असं दोन टप्प्यांत मानणं जास्त सोपं पडतं.

पाणी

पुळणवट जमीन पाणी धरत नाही ही तक्रार खरी पण अर्धीच. वरचा थर धरत नाही हे खरं, अडीच-तीन हजार मिमी पाऊस पडतो नि काही तासांत वाळू कोरडी दिसते. ते पाणी खाली जाऊन खाऱ्या पाण्यावर तरंगतं. गोडं पाणी हलकं, खारं सुमारे अडीच टक्क्यांनी जड, त्यामुळे समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं असतं. हा हिशेब बाडोन गायबेन या डच इंजिनियरने १८८८-८९ च्या सुमारास नि हर्झबर्ग या जर्मनाने १९०१ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. पुळणीच्या पट्ट्यात करल नि चिखल मध्ये येत असल्याने आकडा तंतोतंत लागत नाही, पण दिशा तीच.

याचा उलटा अर्थ वाडीवाल्याला माहीत असतो. विहिरीतली पातळी हातभर खाली ओढली की खालून खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकतं. रहाटाने दिवसभर थोडं थोडं पाणी निघायचं, मधल्या वेळात विहीर भरायची. पंप बसला, अर्ध्या तासात तळ दिसायला लागला, आणि एप्रिल-मे मध्ये चहा मचूळ लागायला लागला. विहीर खोल करणं हा इथे उपाय नाही, उलट त्याने बिघडतं.

लागवड

नारळाची बरीचशी मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या आत नि ३० ते १२० सेंमी खोलीत असतात, म्हणजे बहुतेक खड्ड्यात दिसणाऱ्या त्या पिवळट वाळूच्या वर नि थोडी तिच्यात. पाणी जवळ, हवा खेळती, म्हणून झाड खूश. अडचण अन्नाची: चिकण नि सेंद्रिय कमी, त्यामुळे नत्र नि पालाश पहिल्या मोठ्या पावसातच धुऊन जातं. मोठ्या झाडाला वर्षाला १ किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, १ किलो पालाश अशी शिफारस असते, ती एकदम न देता हप्त्यांनी द्यायची. रत्नागिरीजवळ भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र (१९५५) अशाच किनारी वाळूवर आहे, नारळात मिरी, जायफळ, दालचिनी, अननस घेण्याची लाखी बाग तिथलीच. श्रीवर्धनची रोठा सुपारी याच मातीवरची. अलिबागचा पांढरा कांदा मात्र पुळणीतला समजू नये, तो भात कापल्यावर त्याच खाचरातल्या ओलीवर घेतात.

खार जमीन हा वेगळा विषय, चिकणमातीचा.

गोव्यात जमिनीची विभागणी मोरड, खेर आणि खाजन अशी करतात, त्यातली मधली खेर ही इथल्या पुळणवटीला सगळ्यात जवळची.

वाळू धरून ठेवणं

वाड्यांच्या पुढचे वरवंटे मर्यादवेल, रावणाची मिशी नि केवडा यांनी धरलेले असतात. मर्यादवेलीच्या पेरापेराला मुळं फुटतात, वाळू वर चढली की वेलही वर चढते. सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) २०११ नि २०१९ च्या अधिसूचनांनी वरवंट्यांना संरक्षण दिलंय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडकडच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हापासून किनाऱ्याला सुरूची झाडं लावा अशी मागणी पुन्हा जोरात आहे. सुरू वारा अडवतो यात वाद नाही, पण त्याच्या सुयांचा जाड गालिचा पडला की खाली मर्यादवेल उगवत नाही, आणि पुढची वाळू उघडी पडते.