तार तीच, दुभाषे नवे: डेस्कटॉप प्रोग्राम आणि सामायिक डेटाबेसच्या जोडणीमागची पार्श्वभूमी

२०२२ साली एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेससाठी ओडीबीसी ड्रायव्हर १८, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामधला नवा दुभाष्या, आला आणि वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेले प्रोग्राम नव्या संगणकावर बसवताच अडू लागले. सर्व्हर तोच, पासवर्ड तोच, केबलही तीच. तरी पडद्यावर निरोप असा, की सर्व्हरचे प्रमाणपत्र देणाऱ्यावर विश्वास ठेवता येत नाही. ड्रायव्हर १७ पर्यंत ‘एन्क्रिप्ट’ची (मजकूर सांकेतिक करून पाठवण्याची) मूळ सेटिंग ‘नो’ होती, १८ मध्ये ती ‘येस’ झाली, आणि छोट्या कार्यालयांतले सर्व्हर स्वतःच स्वतःला दिलेल्या प्रमाणपत्रावर चालत होते, एवढेच घडले होते. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये, म्हणजे जोडणीचा पत्ता आणि अटी लिहिलेल्या ओळीत, ‘ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट=येस’ घातले की काम सुरू होते, म्हणून जो तो तेच घालतो. त्याने मजकूर सांकेतिक रूपातच जातो, पण पलीकडे आपलाच सर्व्हर आहे की दुसरे कोणी, ही तपासणी मात्र सुटते.

डेटाबेस जागच्या जागी, तारेवरची भाषाही बरीचशी जुनीच, आणि मधला दुभाष्या बदलला म्हणून काउंटर बंद: या क्षेत्रात हे आधीही अनेकदा झाले आहे.

सुरुवातीला दुभाष्या नव्हताच. डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस साधनांच्या काळात सामायिक डेटाबेस म्हणजे नेटवर्कवरच्या फोल्डरमधली डीबीएफ फाइल. १९८० च्या दशकाच्या मध्यावर डॉस ३ मध्ये ‘शेअर’ ही सोय आली आणि फाइलचा ठरावीक तुकडा कुलूपबंद करता येऊ लागला. कुलूप कुठे लावायचे हे मात्र प्रत्येक प्रोग्राम आपापले ठरवी. क्लिपरचे कुलूप एका जागी, फॉक्सप्रोचे दुसऱ्या. दोन वेगळ्या साधनांत लिहिलेले प्रोग्राम एकाच डीबीएफवर सोडले, तर एकाला दुसऱ्याचे कुलूप दिसत नसे आणि दोघेही निर्धास्तपणे एकाच रेकॉर्डवर लिहीत. आपल्याकडच्या पतसंस्था, औषधांची दुकाने आणि छापखान्यांत हीच रचना दीर्घकाळ टिकली. ज्या यंत्रावर फाइल पडून असते त्याला ‘सर्व्हर’ म्हणायची सवयही तिथलीच. त्या यंत्राला खातेदार, शिल्लक, बेरीज यांतले काही कळत नसते. ते फक्त बाइट देते आणि घेते, सारी आकडेमोड समोरच्या टेबलावरच्या संगणकात होते.

१९९२ च्या अखेरीस आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेसनेही हाच मार्ग धरला. त्याबद्दल एक गैरसमज अजून चालतो, की प्रत्येक शोधाला अख्खा तक्ता नेटवर्कवरून येतो. तसे नाही. ज्या रकान्यावर शोध आहे त्यावर इंडेक्स (शोधासाठीची सूची) असेल, तर त्याचे जेट इंजिन इंडेक्सची लागतील ती पाने (फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे) आणि मग डेटाची लागतील ती पाने उचलते. इंडेक्स नसेल, किंवा रकान्याभोवती फंक्शन गुंडाळून इंडेक्स निकामी केला असेल, तेव्हा मात्र सगळा तक्ता ओढला जातो. पान जेट ३.५ पर्यंत २ केबीचे होते आणि कुलूप पानाला लागे. त्यामुळे एका बिलावर काम चालू असताना शेजारची चार बिलेही अडकत. जेट ४ मध्ये पान ४ केबीचे झाले आणि ओळीपुरते कुलूप आले. कोण आत आहे याची नोंद शेजारच्या ‘एलडीबी’ फाइलमध्ये, माणशी ६४ बाइट, जास्तीत जास्त २५५ जण. ही फाइल आपोआप तयार होते आणि पुसली जाते. म्हणून डेटाबेसच्या फाइलवर परवानगी देऊन भागत नाही. फोल्डरमध्ये फाइल तयार करण्याची, लिहिण्याची आणि पुसण्याची परवानगी सगळ्यांना लागते. ‘एकाने उघडलं की दुसऱ्याला उघडत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथे सापडते.

फाइल-शेअरची खरी दुखरी नस कॅश ही आहे. नेटवर्कवरची फाइल एकटाच वापरतोय असे दिसले, की विंडोज तिचा भाग वापरणाऱ्याच्या संगणकातच साठवून ठेवते. दुसरा आला की तो परत मागवते. या उसनवारीला आधी ‘ऑपलॉक’ म्हणत, पुढे ‘लीज’. परत मागवण्याच्या क्षणी वायर हलली, स्विच बंद पडला, की अर्धे लिहिलेले पान मागे राहते. २०१८ साली विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीनंतर अ‍ॅक्सेसच्या फाइली ‘इनकन्सिस्टंट स्टेट’मध्ये असल्याचे निरोप सर्रास येऊ लागले. त्यावर सुचवलेला उपाय असा होता: फाइल ज्या यंत्रावर आहे तिथे रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) लॅनमनसर्व्हरच्या पॅरामीटर्सखाली ‘डिसेबललीजिंग’ ही नोंद १ करायची आणि सर्व्हर सेवा पुन्हा सुरू करायची. वेग थोडा घटतो, फाइल वाचते.

दुसरी वाट म्हणजे स्वतः विचार करणारे इंजिन वेगळ्या यंत्रावर ठेवायचे आणि त्याला फक्त प्रश्न पाठवायचे. ती मोठ्या संगणकांवर आधीपासून होती. पीसीच्या जगात एसक्यूएल सर्व्हर १९८९ मध्ये ओएस/२ वर आला. त्याची तारेवरची भाषा, टीडीएस, आजही चालू आहे. आवृत्त्या बदलल्या, घराणे तेच.

प्रश्न उरला तो प्रोग्रामने ही भाषा कशी बोलायची याचा, आणि वादाचा सगळा इतिहास याच एका मुद्द्याभोवती आहे. १९९२ मध्ये ओडीबीसी आले. साधी सी फंक्शने, मध्ये एक ड्रायव्हर मॅनेजर, खाली प्रत्येक डेटाबेसचा आपला ड्रायव्हर. या रचनेच्या जवळचा मसुदा १९९५ मध्ये एसक्यूएलच्या मानकातही गेला. विंडोजबाहेरही ती रुजली. तिची खोट एवढीच, की व्हिज्युअल बेसिक (व्हीबी) या भाषेतून थेट वापरणे कटकटीचे होते. म्हणून वर डीएओ, मग आरडीओ असे थर चढले.

आणि मग १९९६ मध्ये ओएलई डीबी. घोषणा मोठी होती: फक्त तक्ते नव्हेत, ईमेल, डिरेक्टरी, स्प्रेडशीट, सगळा डेटा एकाच दारातून. ही रचना कॉम या विंडोजच्या घटक-जोडणीच्या पद्धतीवर उभी, म्हणजे विंडोजशी बांधलेली. तिच्यावर एडीओ हा सोपा थर आला आणि तो मात्र खरोखर चांगला निघाला. व्हीबी ६ च्या सगळ्या पिढीने एडीओ घेतले आणि समजले की आपण ओडीबीसी सोडले. प्रत्यक्षात कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ‘प्रोव्हायडर’ (ओएलई डीबीचा ड्रायव्हर) लिहिला नसेल, तर एडीओ ‘एमएसडीएएसक्यूएल’ धरते, आणि तो म्हणजे ओडीबीसीवर घातलेली ओएलई डीबीची टोपी. ‘डीएसएन=’ (ओडीबीसीत आधी नोंदवून ठेवलेल्या जोडणीचे नाव) एवढेच लिहिणारा प्रत्येक प्रोग्राम एडीओतून ओएलई डीबीत, तिथून ओडीबीसीत आणि मग तारेवर जात होता. दोन दुभाषे, पगार एकाच कामाचा.

२००५ मध्ये एसक्यूएल नेटिव्ह क्लायंट आला. त्यात दोन्ही रचना एकाच डीएलएल फाइलमध्ये. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की एसक्यूएल सर्व्हरसाठी ओएलई डीबी आता मागे पडणार, नवे काम ओडीबीसीत करा, २०१२ च्या आवृत्तीपासून सात वर्षे आधार मिळेल. पंधरा वर्षे ‘ओडीबीसी जुने’ हे शिकवलेल्या लोकांना हे ऐकवले गेले. त्यातही त्याच सर्व्हरची लिंक्ड सर्व्हर (एका सर्व्हरमधून दुसऱ्याला प्रश्न विचारण्याची) ही सोय ओएलई डीबीवर उभी होती. लोकांनी प्रोग्राम बदलायला घेतले, काहींनी पुरे केले, आणि २०१७ च्या ऑक्टोबरात निर्णय फिरला. २०१८ मध्ये ‘एमएसओएलईडीबीएसक्यूएल’ नावाचा नवा प्रोव्हायडर आला. नेटिव्ह क्लायंटला एसक्यूएल सर्व्हर २०२२ मधून वगळले गेले. नव्या प्रोव्हायडरच्या १९ व्या आवृत्तीने तर नावच बदलून शेवटी १९ जोडले, म्हणजे प्रोव्हायडर नुसता बसवून चालत नाही, कनेक्शन स्ट्रिंगही बदलावी लागते.

या उलटसुलट प्रवासात तांत्रिक कारणे नव्हती असे नाही. पण ओडीबीसीने १९९२ पासून आपले दार हलवलेले नाही आणि ओएलई डीबीने चार नावे बदलली, हे बाजूला ठेवून तुलना करता येत नाही. जुना प्रोग्राम अजून ‘एसक्यूएलओएलईडीबी’ हा सुरुवातीचा प्रोव्हायडर वापरत असेल आणि सर्व्हरवर टीएलएस १.० (जोडणी सांकेतिक करण्याची जुनी पद्धत) बंद केले असेल, तर ‘डीबीनेटलिब... एसएसएल सिक्युरिटी एरर’ हा निरोप येतो. त्यावर सर्व्हरची सुरक्षा पुन्हा ढिली करण्यापेक्षा प्रोव्हायडर बदलणे बरे. एडीओचा कोड बहुधा तसाच चालतो.

एडीओनेही एकदा घात केलाच. २०११ च्या विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ मध्ये त्याच्या इंटरफेसचे ओळखक्रमांक बदलले. त्या यंत्रावर कंपाइल केलेला व्हीबी ६ चा प्रोग्राम एक्सपीवर नेला की एरर ४३०. दुरुस्ती पुढे आली. तोवर अनेकांनी कंपाइल करण्यापुरते एक जुने यंत्र राखून ठेवले होते.

सर्व्हर ‘दिसत नाही’ ही तक्रार मात्र दुभाष्याची नसते. तिचे मूळ २५ जानेवारी २००३ मध्ये आहे. त्या दिवशी स्लॅमर हा ३७६ बाइटचा किडा यूडीपी १४३४ या पोर्टमधून एकाच पाकिटात शिरत काही मिनिटांत जगभर पसरला. त्यावरची दुरुस्ती आदल्या जुलैतच निघाली होती, पण एमएसडीई ही फुकट छोटी आवृत्ती दुसऱ्या प्रोग्रामांच्या पोटातून बसत असल्याने आपल्याकडे एसक्यूएल सर्व्हर आहे हेच कित्येकांना ठाऊक नव्हते. त्यानंतर एमएसडीईचे नेटवर्क मुळातच बंद येऊ लागले. २००४ मध्ये एक्सपी सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल चालू केली, आणि एमएसडीईच्या जागी आलेल्या २००५ च्या एक्सप्रेस आवृत्तीतही टीसीपी/आयपी बंदच आले.

म्हणून एक्सप्रेस बसवल्यावर जे करावे लागते ते असे. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी/आयपी चालू करायचे, ‘आयपीऑल’खाली ‘डायनॅमिक पोर्ट्स’ची चौकट पूर्ण रिकामी करायची (तिथे ० ठेवला तर पोर्ट पुन्हा बदलते राहते), ‘टीसीपी पोर्ट’मध्ये १४३३ लिहायचे, सेवा पुन्हा सुरू करायची, फायरवॉलमध्ये टीसीपी १४३३ आत येऊ द्यायचे. स्ट्रिंगमध्ये सर्व्हरचे नाव, स्वल्पविराम आणि पोर्ट. इतरत्र अपूर्णविराम, म्हणजे कोलन, वापरायची सवय असते, ती इथे चालत नाही. पोर्ट दिले की इन्स्टन्सचे (यंत्रावर बसवलेल्या त्या प्रतीचे) नाव आणि इन्स्टन्सचे पोर्ट सांगणारी ब्राउझर सेवा या दोन्हींची गरज उरत नाही. एरर २६ म्हणजे ब्राउझरला विचारले, उत्तर आले नाही. एरर १८४५६ आली तर नेटवर्क ठीक आहे, लॉगिन नाकारले आहे. नेमके कारण सर्व्हरच्या एररलॉगमधल्या ‘स्टेट’मध्ये दिसते: ५ म्हणजे असे नाव नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला.

मराठी डेटाची आणखी एक वेगळी कहाणी. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेली नावे डीबीएफमध्ये रोमन अक्षरांच्या कोडांनी साठलेली असतात. एबीसीडीतले मोठे ‘ए’ आणि लहान ‘ए’ ही तिथे दोन वेगळी मराठी चिन्हे. असा डेटा एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या, लहान-मोठे अक्षर एकच मानणाऱ्या कोलेशनमध्ये (अक्षरांची तुलना आणि क्रम यांच्या नियमांत) टाकला की शोधात भलतीच नावे येतात. त्या रकान्यांना बायनरी कोलेशन द्यावे लागते. जेटमधून डीबीएफ वाचताना आधीच एक फेरफार होतो: एक्सबेसच्या, म्हणजे डीबीएफच्या, सेटिंगमधले ‘डेटाकोडपेज’ मुळात ‘ओईएम’ असते, त्यामुळे १२७ वरचे कोड बदलतात आणि काने-मात्रा उडतात. ते ‘एएनएसआय’ करून मगच आयात करावी. युनिकोडमध्ये आल्यावर रकाना ‘एनव्हारकॅर’ या युनिकोड प्रकारचा नसेल किंवा मजकुराआधी ‘एन’ हे अक्षर नसेल, तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे साठतात. विंडोजमध्ये देवनागरीसाठी ‘एएनएसआय’ कोडपेजच नाही, त्यामुळे ती अक्षरे मागाहून परत मिळवता येत नाहीत. व्हीबी ६ चे मूळ टेक्स्टबॉक्स तर डेटा नीट असला तरी प्रश्नचिन्हेच दाखवतात.

३२ आणि ६४ बिटचा घोळ नावांनी वाढवला. ‘सिस्टम३२’मधले ‘ओडीबीसीएडी३२’ हे ६४ बिटचे आणि ‘सिसवाव६४’मधले त्याच नावाचे ३२ बिटचे. व्हीबी ६ चा प्रोग्राम नेहमीच ३२ बिटचा, त्यामुळे त्याचा डीएसएन दुसऱ्यात करायचा. उलट केले तर ‘आर्किटेक्चर मिसमॅच’. डीएसएन न करता सगळे स्ट्रिंगमध्येच लिहिले, तरी त्या बिटचा ड्रायव्हर बसवलेला लागतोच.

शाखा जोडण्यासाठी राउटरवर १४३३ थेट इंटरनेटला उघडणे हा शॉर्टकट अजून दिसतो. ‘एसए’ या मुख्य खात्याचा पासवर्ड ओळखू पाहणारी यंत्रे असे पोर्ट सतत शोधत असतात. व्हीपीएन किंवा रिमोट डेस्कटॉप हे पर्याय त्यासाठीच आहेत. अ‍ॅक्सेसची फाइल वनड्राइव्हसारख्या फोल्डरात ठेवून दोन गावांतून उघडणे हे तर कुलपाशिवायचे फाइल-शेअर. सिंक करणाऱ्याला रेकॉर्ड कळत नाही, तो शेवटची अख्खी फाइल ठेवतो किंवा दुसरी प्रत करून ठेवतो.

ड्रायव्हर १८ आणि एसक्यूएल सर्व्हर २०२२ यांच्यात ‘स्ट्रिक्ट’ हा आणखी कडक प्रकार आहे, टीडीएस ८ चा. त्यात टीएलएसची बोलणी सगळ्यात आधी होतात आणि ‘ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट’ लिहिले असले तरी ते वाचलेच जात नाही. प्रमाणपत्र खरे हवे आणि त्यावरचे नाव स्ट्रिंगमधल्या नावाशी जुळायला हवे. जिथे जोडणी अजून १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर चालते आणि प्रमाणपत्रावर मात्र सर्व्हरचे नाव असते, तिथे एकतर ते नाव वापरावे लागेल किंवा ‘होस्टनेमइनसर्टिफिकेट’मध्ये ते वेगळे द्यावे लागेल.