कान फुटणे (बालकांमधील तीव्र मध्यकर्णदाह)

सर्दीच्या पाठोपाठ लहान मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पू साठून होणारा दाह म्हणजे तीव्र मध्यकर्णदाह. पडदा फुटून पू बाहेर आला की ‘कान फुटला’ म्हणतात. बरेचदा आजाराला घरात नाव मिळते ते त्याच वेळी. तोवर ‘रात्रभर किरकिरत होता, दात येत असतील’ एवढ्यावरच भागते. सहा महिने ते दोन वर्षे या वयात हा आजार सर्वाधिक आढळतो.

कान बाहेर दिसतो, म्हणून दुखणेही बाहेरूनच आले असा समज होतो. आंघोळीचे पाणी गेले, वारा लागला, लोकलमध्ये दाराशी उभे राहिलो त्याचे झाले, ही कारणे ठाण्या-कळव्यापासून नेरूळपर्यंत कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर ऐकू येतील. पडदा शाबूत असेल तर पाणी त्याच्या पलीकडे जाऊच शकत नाही. जंतू येतात ते आतून, नाकाच्या वाटेने.

नाकाच्या मागच्या भागापासून मध्यकर्णापर्यंत एक बारीक नळी जाते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनातज्ज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी याच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. कल्याणहून माळशेज घाट चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळताच सुटतात, ते हिच्यामुळे. एरवी मिटलेली ही नळी गिळताना क्षणभर उघडते, पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा करते आणि आतला ओलावा घशाकडे सोडते. मोठ्या माणसात ती साधारण ३५ मिलिमीटर लांब आणि बरीच उतरती असते. तान्ह्या बाळात ती जवळजवळ निम्मी, मऊ आणि आडवी असते, म्हणून निचरा कमी आणि शेंबूड आत शिरायला वाट सोपी. त्यातच नाकामागची ॲडेनॉइड ग्रंथी या वयात वाढत असते आणि नळीच्या तोंडाशीच बसलेली असते.

सर्दीचे विषाणू नळीचे अस्तर सुजवतात, नळी बंद पडते. मध्यकर्णातली हवा शोषली जाते, आत दाब घटतो आणि नाकामागचा स्राव जंतूंसह वर ओढला जातो. न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि मोराक्सेला हे त्यातले नेहमीचे जंतू. सर्दी नसताना ते नाकामागे निमूट पडून असतात. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, नाक जरा मोकळे होतेय असे वाटत असतानाच, रात्री अचानक ठणका लागतो तो यामुळे. आडवे केले की मूल जास्त रडते, दूध ओढताना मध्येच सोडून देते, ताप परततो. नुसता कान ओढणे ही मात्र भरवशाची खूण नाही. बाळे झोप आली तरी कान ओढतात.

मग एखाद्या पहाटे मूल गाढ झोपलेले असते आणि उशीच्या अभ्र्यावर पिवळसर, किंचित लालसर डाग असतो. पडदा फुटून दाब सुटलेला असतो, म्हणून ठणकाही थांबलेला. असे भोक बहुधा काही दिवसांत आपोआप भरते. दोन आठवड्यांनंतरही कान वाहत राहिला तर तो वेगळा, चिवट आजार समजावा. आपल्याकडे कमी ऐकू येण्यामागे त्याचा मोठा वाटा आहे. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तर मात्र थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपचारात पहिला मान दुखणे थांबवण्याचा: वजनानुसार पॅरासिटामॉल. सहा महिन्यांखालील बाळ, दोन वर्षांखालील मुलाचे दोन्ही कान बिघडलेले, जास्त ताप किंवा वाहता कान असेल तर डॉक्टर प्रतिजैविक देतात, बहुधा अमॉक्सिसिलिन. त्याहून मोठ्या, फारसा त्रास नसलेल्या मुलात ४८ ते ७२ तास वाट पाहतात, कारण बरेच कान आपोआप बरे होतात. ‘लगेच अँटिबायोटिक लिहून द्या’ हा पालकांचा आग्रह इथे दरवेळी योग्य नसतो. सर्दीच्या सिरपने कानाला काही फायदा होत नाही. मालीशवाल्या बाईने कानात सोडलेले कोमट तेल किंवा लसणीचे तेल पडद्याच्या अलीकडेच राहते; पडदा फुटलेला असेल तर ते आत जाऊन नुकसान करते.

जूनच्या मध्याला शाळा उघडतात, पाऊस लागतो, आणि आई-बाबा दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरांतली मुले पाळणाघरात एकमेकांचा शेंबूड वाटून घेतात. तो टाळणे अवघडच, पण काही गोष्टी हातात आहेत. अंगावरचे दूध, बाळाला आडवे ठेवून बाटली न देणे, घरात विडी-सिगारेट न ओढणे. आंघोळीनंतरची धूप-ओव्याची धुरीही आवरती घ्यावी. धुराने नाकाचे अस्तर सुजते. न्यूमोकोकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात आहे. ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात मोफत मिळते; तिने कानाचे सगळे संसर्ग टळत नाहीत, काही टळतात.

दुखणे गेले तरी पडद्यामागचे पाणी काही आठवडे राहू शकते. बहुतेकांत ते तीन महिन्यांत ओसरते. तोपर्यंत मुलाला बोटे घालून ऐकल्यासारखे ऐकू येते: टीव्हीचा आवाज वाढवला जातो, मागून मारलेली हाक चुकते, आणि बालवाडीच्या बाई ‘याचे लक्ष नसते’ असे सांगतात. तीन महिन्यांनंतरही असेच राहिले तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.